गावकरी, पंचायत आणि नदी
(इब्रामपूरच्या निमित्ताने काही विचार)

इब्रामपूर हा पेडणे महालाच्या पूर्व अंगाचा एक लहान गाव. शेजारी हणखणे, चांदेल, हसापूर ही गावे. नदीपलीकडे डिचोली महालातील साळ. आणि थोडेसे वर गेले की महाराष्ट्राची सीमा. सह्याद्रीत जिला तिळारी म्हणतात, तीच नदी येथवर येताना शापोरा होते आणि पुढे हळर्णच्या जुन्या किल्ल्याजवळून, कोलवाळवरून समुद्राकडे जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये अतिवृष्टी आणि धरणातून सोडलेले पाणी यांची गाठ पडली आणि या नदीने साळ, इब्रामपूर या परिसरात शेतांची मर्यादा ओलांडून वस्तीत प्रवेश केला. पाणी ओसरल्यावर लोकांनी जो प्रश्न विचारला, तो साधा होता : धरणाची दारे कोण उघडतो, कोणाला विचारून उघडतो आणि आमची नुकसानी कोण भरतो?

हा प्रश्न एका पुराचा नाही. गावाच्या कारभाराच्या पाच शतकांच्या इतिहासातून तो आला आहे. गावच्या हिताची कोणतीही योजना घ्या, मग ती बांधाची असो, पाटाची असो वा राईची असो; तीत तीन गोष्टी येतात. निर्णय कोणाचा, निधी कोणाचा आणि योजना फसली तर नुकसान कोणाचे? या तिन्ही गोष्टी जेथे एका हाती होत्या तेथे गावाने आपले पाणी, माती आणि झाडे राखली. त्या तीन हातांत गेल्या तेव्हा राखण संपली. आमच्या समजुतीप्रमाणे गोव्यातील ग्रामसंस्थांच्या इतिहासाचे हे मर्म आहे, आणि तेच या लेखात मांडण्याचा आमचा हेतू आहे.

प्रारंभ अर्थातच गावकरीपासून केला पाहिजे. पोर्तुगीज राज्य तिसवाडीत स्थिर झाल्यावर १५२६ मध्ये आफोन्सो मेशिया याने तेथील गावांच्या रूढींची सनद तयार केली. ती ‘फोराल’ या नावाने प्रसिद्ध आहे. परकी सत्तेने तयार केलेला हा कागद. परंतु त्यात नोंद आहे ती सत्तेच्या आधीपासून चालत आलेल्या व्यवस्थेची. पडीक बेट लागवडीस आणणाऱ्या पहिल्या चार पुरुषांची परंपरा त्यात सांगितली आहे. ज्यांनी जमीन वसवली ते गावकर, आणि त्यांचा समूह ती गावकरी. पोर्तुगिजांनी तिलाच ‘कोमुनिदाद’ असे नाव दिले. गावाची जमीन समूहाची होती. तिचे पट्टे ठरावीक मुदतीने, बहुधा तीन वर्षांनी, बोली लावून दिले जात. त्या उत्पन्नातून आधी राज्याचा सारा भरायचा, मग देवळाचा, कुळकर्ण्याचा आणि सार्वजनिक कामाचा खर्च भागवायचा, आणि जे उरेल ते गावकऱ्यांत वाटून घ्यायचे. या वाट्याला ‘झोण’ म्हणत.

येथे एक गोष्ट सहज निसटते, म्हणून ती मुद्दाम सांगतो. वाटणी शेवटी येत असे. बांध फुटला तर पीक बुडे, पीक बुडाले तर पुढच्या बोलीची रक्कम घसरे, आणि ती घसरली तर झोण आटे. ज्याने बांधाच्या डागडुजीचा खर्च मंजूर करायचा, त्याच्याच वाट्यातून तो खर्च जायचा. आणि मंजूर न केल्यास होणारे नुकसानही त्याच्याच पदरी पडायचे. सभेत वांगडवार मत घेत. निर्णय एकमताने होई आणि एखाद्याने ‘नकार’ म्हटले तर काम थांबे. हा ‘नकार’ शब्द पोर्तुगीज दप्तरांतही आपल्या मराठी-कोकणी रूपातच शिरला, यावरून त्याचे वजन कळून येते.

शापोऱ्याच्या खालच्या अंगाला, आगरवाडा, चोपडे, पार्से यांच्या बाजूस, खाऱ्या पाण्यालगतच्या खाजन जमिनी आहेत. त्यांची रचना पाहिली की ही व्यवस्था डोळ्यांसमोर उभी राहते. खाडीच्या कडेने मातीचा बांध. बांधात लाकडी झडपेचे दार, त्याला मानस म्हणतात. भरतीचा दाब बाहेरून आला की झडप मिटते, ओहोटीला आतले पाणी तिला बाहेर ढकलते. एका माणसाच्या देखरेखीने शेकडो बिघे भाताला खारे पाणी लागत नाही. मानशीजवळच्या मासळीचा लिलाव होई आणि ते उत्पन्न गावच्या तिजोरीत येई. बांधाला मोठे खिंडार पडले तर जमीन कसणारांवर तिच्या प्रमाणात वर्गणी बसवली जाई. शेतकीची अशी समूहव्यवस्था जगात इतरत्रही आढळते. परंतु समुद्राच्या भरतीलाच राबवून घेणारी ही युक्ती आमच्या भूमीची खास देणगी आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आता इब्रामपूरकडे वळू. तिसवाडी १५१० मध्ये आणि बार्देश व सासष्टी १५४३ मध्ये पोर्तुगिजांकडे गेली. त्यांना जुन्या काबिजादी म्हणतात. पेडणे महाल मात्र सावंतवाडीकर भोसल्यांचा. कोल्हापूरकरांशी चाललेल्या झगड्यात मदत मिळावी म्हणून खेम सावंतांनी १७८८ मध्ये तो पोर्तुगिजांना दिला. डिचोली आणि सत्तरी त्याआधी काही वर्षे गेली होती. या नव्या काबिजादी. येथे धर्मांतराचा तो पहिला वरवंटा फिरला नाही. देवळे राहिली, सातेरीची वारुळे राहिली, देवाच्या नावाने राखलेल्या राया राहिल्या, आणि रूढी पाळण्याचे आश्वासन नव्या सत्तेने दिले. त्याचबरोबर जुन्या राजवटीने दिलेली इनामे, मोकासे आणि देसगती यांचाही पसारा या भागात मोठा होता. त्यामुळे तिसवाडीच्या गावकरीचे चित्र जसेच्या तसे पेडण्याला लावणे इतिहासाला धरून होणार नाही. येथे समूहाच्या शेजारी मोठा जमीनदारही उभा होता, आणि डोंगरावर कुमेरी करणाऱ्या वा खालच्या मळ्यात वायंगण पिकवणाऱ्या कुळाला दोघांपुढेही हात जोडावे लागत.

हे सांगणे अगत्याचे आहे, कारण जुन्या ग्रामसंस्थेचे गोडवे गाण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. १८३० मध्ये सर चार्ल्स मेटकाफने हिंदुस्थानातील गावांना छोट्या प्रजासत्ताकांची उपमा दिली, आणि तेव्हापासून ती उपमा आपण आळवीत आलो. गोव्यात कुन्य रिव्हारा याने १८७० मध्ये कोमुनिदादींची बाजू हिरिरीने मांडली. त्याचा हेतू स्तुत्य होता. परंतु त्रिंबक नारायण आत्रे यांचा १९१५ चा ‘गावगाडा’ ज्याने वाचला आहे, त्याला गावाच्या आतले जाच निराळे सांगावयास नकोत. दामोदर कोसंबी हे तर गोव्याचेच. जुन्या काबिजादीतील ग्रामसमूहावरचा त्यांचा निबंध १९६२ च्या त्यांच्या ग्रंथात आहे, आणि त्यातही भावनेपेक्षा हिशेबाकडे लक्ष आहे. गावकरीच्या सभेत बसत ते वसाहत करणाऱ्यांचे पुरुष वंशज. बायका नव्हत्या, कुळे नव्हती, मुंडकार नव्हते. चिखलात उतरून बांध बांधणारा पुष्कळदा सभेच्या बाहेरचाच असे. निर्णय, निधी आणि नुकसान एका हाती होते हे खरे. परंतु तो हात सर्व गावाचा नव्हता.

दुसरा दोष काळाने आणला. पोर्तुगीज सरकारने गावकरीचे नियम लिहून काढले, मग त्यावर अधिकारी नेमले. १९०४, १९३३ आणि अखेर १९६१ अशा संहिता निघाल्या. प्रत्येक संहितेबरोबर समूहाचा स्वतःचा निर्णय आखडत गेला आणि प्रशासकाची सही मोठी होत गेली. दरम्यान गावकर मुंबईला, कराचीला, आफ्रिकेला पोटासाठी गेला. बांध गावात आणि झोणीचा धनी परमुलखात, अशी स्थिती आली. संस्था टिकली, पण नुकसानीची झळ ज्याला लागत नाही, त्याच्या हाती वाटा राहिला. एक दुवा तेथेच तुटला.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. पुढच्याच वर्षी ग्रामपंचायतींचा नियम लागू होऊन १९६२ मध्येच पहिल्या निवडणुका झाल्या. प्रौढ मताधिकाराने गावचा कारभारी निवडण्याची ही आमच्या मुलखातील पहिली वेळ. कुळाच्या मताची किंमत भाटकाराच्या मताइतकी झाली. ही क्रांती होती. तिला दुसरा शब्द नाही. पाठोपाठ १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती आली, आणि कसणारा जमिनीचा मालक ठरला. ज्या अन्यायाचा उल्लेख आम्ही वर केला, त्याचे परिमार्जन या कायद्यांनी केले. त्याविषयी कोणाच्या मनात किंतु असू नये.

परंतु इतिहासात एक हात देताना दुसरा हात काय सोडतो, तेही पाहावे लागते. पंचायत आली, जमीन मात्र पंचायतीची झाली नाही. पडीक, डोंगर, पाणवठे, काही ठिकाणी कोमुनिदादीकडे, काही ठिकाणी सरकारकडे, काही ठिकाणी जुन्या इनामदारांच्या नावावर तशीच राहिली. बांधांची जबाबदारी १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघांवर टाकली. त्या संघांपाशी बांधाची जबाबदारी होती; गावच्या इतर उत्पन्नाचा आधार नव्हता. पुष्कळ खाजनांत भातापेक्षा मानशीच्या मासळीचा लिलाव अधिक पैसा देऊ लागला, आणि खारे पाणी आत आले तर ते कोणाच्या तरी फायद्याचे ठरू लागले. जो बांध फुटला की सगळ्यांचे बुडे, तोच फुटला की काहींचे साधे. गावच्या शहाणपणाला याहून मोठा धक्का कोणता?

यानंतरचे मोठे वळण म्हणजे ७३ वी घटनादुरुस्ती. ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली आणि १९९४ मध्ये गोव्याचा पंचायत राज कायदा झाला. घटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपवण्याजोगे २९ विषय दिले आहेत. शेती, जमिनीची सुधारणा व मृदसंधारण, लहान पाटबंधारे व पाणलोट, सामाजिक वनीकरण, पिण्याचे पाणी हे सारे त्यात आहेत. यादी वाचताना असे वाटते की जुन्या गावकरीचे दप्तरच कोणी घटनेत उतरवून घेतले. शिवाय जे गावकरीत नव्हते तेही आले : गावचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सभासद, आणि स्त्रियांना राखीव जागा. म्हणजे निर्णयाचा हात प्रथमच सर्व गावाचा झाला. कागदावर तरी झाला.

आता निधीकडे पाहू. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ ते २०२० या पाच वर्षांसाठी देशातील ग्रामपंचायतींना दोन लाख कोटी रुपयांहून अधिक रक्कम ठरवली, आणि त्याच सुमारास प्रत्येक पंचायतीने आपला विकास आराखडा ग्रामसभेत बसून तयार करावा असा दंडक आला. पंधराव्या आयोगाने २०२१ ते २०२६ या मुदतीसाठी ग्रामीण संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये ठरवले. परंतु त्यांतील ६० टक्के रक्कम स्वच्छता आणि पाणी या कामांना बांधून दिली. हेतू उत्तमच. पण पैसा जेव्हा बाहेरून येतो तेव्हा त्याच्या गाठोड्याला आधीच एक चिठ्ठी बांधलेली असते. गावाची गरज त्या चिठ्ठीत बसली तर काम होते. न बसली तर गरजच बदलावी लागते.

आम्ही एका ग्रामसभेत बसलो होतो. गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण ते कोणत्याही गावाचे असू शकेल. एक वृद्ध शेतकरी उठले आणि म्हणाले की वायंगणाच्या पाटाचे तोंड गाळाने बुजले आहे, पूर्वी आम्ही दहा घरे मिळून ते दिवाळीनंतर काढत होतो, आता पोरे शहरात कामाला जातात, पंचायतीने काहीतरी करावे. उत्तर मिळाले, “बाबा, हे काम या निधीत बसत नाही. संरक्षक भिंतीचे सांगा, ती बसते.” कोणी हसले नाही. ठराव झाला तो भिंतीचाच. उत्तर देणारा मनुष्य दुष्ट नव्हता. तो नियम सांगत होता. पण त्या क्षणी आम्हांला वाटले की पाच शतकांच्या या इतिहासात गावकऱ्याने सभेत उच्चारलेला ‘नकार’ आता गावालाच ऐकावा लागत आहे.

निर्णयाचा दुसरा मोठा भाग जमिनीच्या वापराचा. त्याचा कायदा निराळा, खाते निराळे. १९७४ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्याखाली संबंध गोव्याचा प्रादेशिक आराखडा होतो, आणि आपला डोंगर ‘वसाहत’ रंगात आहे की ‘बागायत’ रंगात, हे गावाला पुष्कळदा नकाशा छापून आल्यावर कळते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला २०११ सालपर्यंतचा आराखडा लोकक्षोभामुळे २००७ मध्ये मागे घ्यावा लागला. त्यानंतर वास्तुविशारद चार्ल्स कोरिया ज्यात होते त्या कृतिदलाने २०२१ सालपर्यंतचा आराखडा हाती घेतला, आणि त्याचा मसुदा गावोगाव चर्चेला पाठवला. गावाने आपला नकाशा हातात धरून आपल्या झऱ्यांवर, शेतांवर बोट ठेवावे, असा प्रसंग गोव्याच्या इतिहासात त्यापूर्वी आला नव्हता. त्या चर्चेचे पुढे काय झाले हा वादाचा विषय आहे; पण चर्चा झाली, आणि लोकांना तिची सवय लागली. म्हणूनच २०२३ मध्ये पेडणे तालुक्याचा प्रारूप विभागीकरण आराखडा आला, तेव्हा गावांनी हरकतींची रीघ लावली आणि शासनाला तो मागे घ्यावा लागला.

मोपाच्या पठारावरील विमानतळाचे उदाहरणही येथेच येते. या विमानतळाला मिळालेली पर्यावरणीय परवानगी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये स्थगित केली. अर्ज करताना पठारावरील झाडांची आणि शेजारच्या सिंधुदुर्गातील संवेदनशील क्षेत्रांची माहिती यथायोग्य दिली गेली नव्हती, हे त्या निकालातील महत्त्वाचे कारण. पुढे जानेवारी २०२० मध्ये अटींसह स्थगिती उठली. ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. विमानतळ हवा की नको, हा प्रश्न आता इतिहासजमा झाला. पण एक प्रश्न उरतो. पठारावर झाडे आहेत, त्यांच्या मुळाशी झरे आहेत आणि ते झरे खालच्या गावांच्या विहिरी भरतात, ही गोष्ट देशाच्या सर्वोच्च न्यायालयात जाऊन सिद्ध करावी लागावी काय? ती गोष्ट पठाराखालच्या गुराख्याला ठाऊक होती. तिची नोंद मात्र कोठे नव्हती.

आणि आता पुन्हा नदीकडे येऊ. कारण नदीने या तीन गोष्टींची फारकत पुरती केली आहे. तिळारीचे धरण हा गोवा आणि महाराष्ट्र यांचा संयुक्त प्रकल्प. १९९० मध्ये करार झाला. खर्चात आणि पाण्यात गोव्याचा वाटा ७३.३० टक्के आणि महाराष्ट्राचा २६.७० टक्के. धरण दोडामार्गात; बुडालेली गावे महाराष्ट्राची; कालवे दोन्हीकडे; नियंत्रणाला संयुक्त मंडळ. दोन राज्यांनी भांडण न करता एवढे मोठे काम उभे केले, याचे कौतुक केले पाहिजे. त्या पाण्याने गोव्यातील पुष्कळ शेतीला आणि नळांना आधार दिला, हेही मान्य केले पाहिजे. परंतु करारात दोन राज्ये आहेत. नदीकाठचा गाव त्यात नाही. टक्केवारी पाण्याची ठरली. पुराची ठरली नाही. इब्रामपूर वा साळ या गावांनी धरणासाठी निर्णय दिला नाही, निधी दिला नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या वाट्याला आले ते केवळ नुकसान.

तीच गोष्ट कळण्याची. दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे २०२१ च्या जुलैमध्ये खनिजाच्या खाणीतील बांध फुटून गाळ आणि पाणी वस्तीत व बागायतीत घुसले. त्या खोऱ्यातले पाणी सीमा ओलांडून पेडण्याच्या याच भागात उतरते. पाण्याला सरहद्दीचा दगड दिसत नाही. ग्रामसभेची सत्ता मात्र त्या दगडापाशी थांबते. आशेची एक खूणही त्याच प्रदेशात आहे. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी नेमलेल्या, डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे सिंधुदुर्गातील २५ गावांच्या ग्रामसभांनी आपण होऊन ठराव मांडले की आमचा प्रदेश संवेदनशील म्हणून राखावा. २०११ च्या त्या अहवालावर सर्वत्र वादळ उठले. पण हे ठराव कोणी लादले नव्हते. पुढे मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील २५ गावे संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. ज्याचे नुकसान त्याचा निर्णय, ही जुनी रीत ग्रामसभेच्या नव्या हातांनी पुन्हा उचलली जाऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

गोव्याबाहेरही अशी उदाहरणे आहेत. पांझरा आणि मोसम या नद्यांवरील फडपद्धती महाराष्ट्रातील शिक्षकांना परिचित आहे. बंधाऱ्याचे पाणी घेणारे शेतकरी आपले पाटकरी आणि जागले स्वतः नेमत, त्यांचा मेहनताना स्वतः देत, आणि पाणी कमी पडले तर एखादा संबंध फडच पडीक ठेवून तूट सर्वांनी वाटून घेत. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली हाच नियम नव्या काळात राबवला. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत वाचायचा, त्यावरून पिके ठरवायची, आणि शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही. सरकारी योजनांचा पैसा त्या गावानेही घेतला. परंतु गाठोड्यावरची चिठ्ठी गावाने वाचली आणि आपल्या आराखड्यात बसवली. अमेरिकन विदुषी एलिनॉर ऑस्ट्रम यांनी स्पेनमधील पाटांपासून जपानच्या गावरानांपर्यंत असे समूह अभ्यासले आणि १९९० च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की नियम ज्यांना लागू होतात त्यांनाच ते ठरवण्याचा हक्क असेल, तर सामायिक संपत्ती टिकते. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आमच्या मानशीच्या राखणदाराला हे सूत्र ठाऊक होते. त्याला पारितोषिक मिळाले नाही, एवढेच.

मग करावे काय? गावकरी परत आणा, असे आम्ही म्हणणार नाही. तिच्या सभेत आमच्यापैकी बहुतेकांच्या आज्यांना आणि पुष्कळांच्या आजोबांना जागा नव्हती. ग्रामसभेची बैठक अधिक विस्तृत आणि अधिक न्याय्य आहे. तिला गावकरीजवळची एक गोष्ट तेवढी हवी आहे : निर्णयाजवळ निधी आणि नुकसानीजवळ निर्णय. त्यासाठी तीन गोष्टी शक्य आहेत आणि त्यांपैकी कोणतीही क्रांतिकारक नाही. पहिली, येणाऱ्या निधीतला काही भाग कोणत्याही चिठ्ठीविना, पण ग्रामसभेच्या उघड हिशेबासह, गावाच्या पाट, बांध, झरे यांच्यासाठी राहावा. आणि त्यात गावाने स्वतःची थोडी वर्गणी वा श्रम घालावेत. फुकट मिळालेल्या बांधावर कोणी रात्री कंदील घेऊन जात नाही. दुसरी, नदीचे नियंत्रण ज्या संयुक्त मंडळाकडे आहे, त्यात खालच्या अंगाच्या पंचायतींना बोलण्याची जागा असावी; दारे उघडण्याआधीची सूचना तालुक्याच्या कचेरीपर्यंत न थांबता काठच्या वाड्यावर पोहोचावी. तिसरी, २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक पंचायतीत समिती नेमण्याची, गावच्या झाडापेडांची, पाणवठ्यांची नोंदवही करण्याची आणि स्थानिक निधी उभारण्याची तरतूद केली आहे. ही नोंदवही ही गावाची नवी सनद आहे. एके काळी गावाची रूढ मेशियाने लिहून घेतली. आता ती गावाने स्वतः लिहायची आहे.

आणि ही नोंदवही लिहिणार कोण? येथे आम्ही आमच्या व्यवसायबंधूंकडे वळतो. गावात पंचायतीच्या सचिवाची बदली होते, सदस्य पाच वर्षांनी बदलतात, अभियंता एका हंगामापुरता येतो. शाळा मात्र त्याच जागी असते, आणि तिच्यात दरवर्षी त्याच गावची नवी मुले येतात. आम्ही स्वतः मुलांकडून विहिरींची पातळी मार्चमध्ये आणि पुन्हा मेमध्ये मोजून घेतो. ओळंब्याच्या दोरीला गाठी मारून घेतलेले हे माप शास्त्रज्ञाला कदाचित हसू आणील. पण तीन वर्षांच्या नोंदी जमल्यावर कोणत्या वाड्याची विहीर मागे पडत आहे, हे कोणालाही वाचता येते. वायंगणाचा पाट कोणत्या तारखेला सुरू झाला, झऱ्याचे पाणी कोणत्या पंधरवड्यात आटले, पुराचे पाणी कोणाच्या पायरीपर्यंत आले, याची वही मुलांनी ठेवावी आणि ती ग्रामसभेत मुलांनीच वाचावी. इतिहासाचा तास, भूगोलाचा तास आणि नागरिकशास्त्राचा तास तेथे एक होतात.

त्या वृद्ध शेतकऱ्याच्या हाती त्या दिवशी अशी वही असती, तर भिंतीचा ठराव कदाचित झालाच नसता, किंवा झाला असता तरी पाटाच्या मागणीचीही नोंद झाली असती. नोंद झालेली मागणी पुढच्या सभेत पुन्हा वाचावी लागते. इब्रामपूरच्या आणि साळच्या काठावर २०१९ चे पाणी कोठवर आले होते, त्याची खूण देवळाच्या वा शाळेच्या भिंतीवर आजच कोरून ठेवावी, ही आमची पहिली सूचना आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी ते काम होण्यास कोणत्याही निधीची गरज नाही.